बाबांच्या दाढीसाठी दगड

२ एप्रिल १९५८
शिमग्यात पालखीच्या मानावरून बाबा गावकऱ्यांना उलट बोलले. तेव्हापासून आमचे घर वाळीत. विहीर घरची, म्हणून पाण्याचे अडत नाही. दाढीचे अडले. बाबी न्हाव्याला आमच्याकडे यायची गावाची बंदी. बाबांची दाढी तीन आठवड्यांची. तिठ्यावर मागून कोणीतरी, "सुतक कोणाचा रे घरात?" मी वळून पाहिले नाही.

५ एप्रिल
पत्र आले. खारेपाटणचे पाहुणे १३ तारखेला सकाळी शालूला बघायला येणार. बहिणीचे हे तिसरे स्थळ. बाबांचा चेहरा पाहून विचारणारच. वाळीत आहोत कळले की चहासुद्धा न घेता उठतील. मालवणात जाऊन दाढी करून या म्हटले. बाबा: "माझ्या दारात होतली, नायतर रवांदे." पत्तीचे यंत्रही नको. आजोबांचा वस्तरा काढून दिला. गंजका. बाबांचा हात थरथरतो, म्हणजे मीच.

६ एप्रिल
कोयत्याच्या दगडावर घासला. धारेला दाते पडले. नखावर ओढला की खरखर लागते. घाई केली.

८ एप्रिल
मालवण बाजार. दुकानदाराने दोन दगड मांडले. काळा, सुतार तेल घालून वापरतात तो. करडा, पाण्याचा. कोणता मऊ ते बोटाला कळेना, म्हणून ओठाला लावून पाहिले. म्हणाला, "चाटलंस तर घेवचो लागतलो." सगळे दुकान हसले. करडा घेतला.
घरी आल्यावर सवयीने त्यावर खोबरेल ओतले. दगड तेल प्यायला. आता वस्तरा नुसता घसरतो. सोड्याच्या पाण्यात उकळला, व्यर्थ. 

१० एप्रिल
घरात तसा बारीक दगड एकच, देवघरातली सहाण. विचारले. आई उंबऱ्यावर आडवी बसली. ज्यावर देवाचे गंध उगाळते, त्यावर केसांचे हत्यार चालणार नाही. बाबांनी स्वतः उचलून आणून दिली. "पालखी घेवन देव खंय इलो आमच्या दारात? घास."
आई जेवली नाही.

११ एप्रिल
सकाळपासून सहाणेवर. केस कापत नाही, ओढतो. आवाराच्या दगडी गडग्यापलीकडून बाबी न्हावी जात होता. थांबला. माझ्याकडे न बघता, "वस्तऱ्याची पाठ उचलतंस, म्हणान धार गोल होता. सपाट धर." आणि गेला. मी त्याच्या वाटेवर थुंकलो.
मग सपाट धरला. दुपारी मनगटावरचे केस साफ निघाले.

१२ एप्रिल
बाबांना दारापुढच्या खळ्यात बसवले. डावा गाल पूर्ण झाला, रक्ताचा थेंब नाही. शालू दारात उभी राहून बघत होती. उजव्या गालावर वस्तरा ठेवला तेव्हा बाबांनी मनगट पकडले.
"बाबीन शिकयल्यान तुका?"
काल आईने घरातून ऐकले आणि सांगितले असणार. मी हो म्हटले. खोटे बोलायला हवे होते.
"म्हणजे गावचोच हात लागलो."
उठले. साबण धोतराने पुसला. अर्धी दाढी तशीच ठेवून ओटीवर बसले आहेत, रस्त्याकडे तोंड करून.
पाहुणे उद्या नऊपर्यंत येतील. शालूने लुगड्याची घडी मोडून पुन्हा घातली. मी पाणी दुसऱ्यांदा गरम करून बाबांसमोर ठेवले आहे. त्यांनी अजून दूर सरकवलेले नाही.