वहिनी, जरा हळू रडा

मेहकर

निवृत्तीभाऊजी,

तुमाले नमस्कार लिहाले हात उठत नाही. हे पत्र मी टाकनारबी नाही, नाहीतर तुमी याचीबी चाल बांधसान.

काल वकिलीनबाईनं मुद्दाम बोलावून ग्रामोफोनवर तुमच्या नव्या तबकड्या आयकवल्या. पियानो आन सारंग्या. बसलेले लोकं माना डोलवून राह्यले होते. ती सारंगी माहं रडनं वाजवत होती, भाऊजी. "मले कोनाच्या भरोशावर टाकून गेले जी", तेच, हुंदक्यासकट. तबकडीवर नाव तुमचं, खाली "दादास अर्पण".

तुमचे दादा गेले, तिसऱ्या दिवशी तुमी मुंबईवरून आले. घरचं मानूस दारात आलं का बाया नव्यानं रडतात, तशा आमी रडलो. तुमी डोये पुसाले रुमाल काढसान वाटलं, तर वही काढली! बाकीच्या बायाइले गप्प केलं आन मले म्हनले, "वहिनी, जरा हळू रडा. सूर निसटतायत."

तुमची शिसारी येते. पन त्याहून जास्त मले माहीच येते. तुमी हळू म्हनलं, आन मी हळू रडली.

कोकिळा