तुझ्या टेबलावरचं घड्याळ

बुधवार, ऑफिस सुटल्यावर
ऑगस्ट १९६६

प्रिय शुभदा,

तोंडावर कधी 'पांढरीपांडेबाई' सोडून काही म्हटलं नाही. आज कागदावर म्हणतो. रागावायचं तर रागाव.

तपासणीला आलेल्या त्या साहेबानं खिशातलं घड्याळ काढून तुझ्या टाइपरायटरशेजारी ठेवलं, त्याच क्षणी माझं सगळं फिरलं. तुझ्या ध्यानातही आलं नसेल, तू कागद चढवत होतीस. रुपया घसरला, पाऊस रुसला, सरकारची तिजोरी आटली. म्हणून ज्या टेबलाला दिवसभराचं काम नाही ती जागा काढायची, एवढंच घेऊन तो नागपूरहून आला होता. खरं सांगू, पहिल्या दिवशी मला तो आवडला होता. विहिरीच्या एका अर्जाला इतकी टेबलं कशाला फिरावी लागतात, हे आता कोणी तरी विचारेल असं वाटलं. प्राचार्यांशी भांडून कॉलेज अर्धवट टाकून आलेल्या माणसाला असल्या गोष्टींचा उगाच हुरूप येतो.

पण घड्याळ निघालं आणि आपल्या ऑफिसचं काय झालं ते तू पाहिलंसच. आदल्या दिवशी चहाला मोहिउद्दीन चाचांनी सगळ्यांच्या कानात सांगून ठेवलं होतं, 'घड्याळ आलं का कलम जड धरा बेटा.' हेडक्लार्कच म्हणतात म्हटल्यावर काय! एरवी झरझर लिहिणारे टाक धुऊन पुसत बसले. आपला शिपाई उत्तमसिंग शेजारच्या टेबलावरची फाईल अख्ख्या व्हरांड्याला वळसा घालून नेऊ लागला, तीही वरातीतल्या नवरदेवाच्या चालीनं. मी तुझ्याजवळ येऊन पुटपुटलो, आज जरा हळू चालवा. तू हसलीस. म्हणालीस, 'मला हळू येतच नाही हो. तसं कोणी शिकवलंच नाही.' दुपारचा चहा यायच्या आत तू सगळा ढीग संपवलास, मशीनवर झाकण घातलंस आणि हाताची घडी घालून बसलीस. साहेबानं घड्याळ उचलून खिशात टाकलं.

मग तू आईला घेऊन चतुर्थीसाठी कळंबच्या गणपतीला गेलीस आणि काल हुकूम आला. साऱ्या ऑफिसात एकच टेबल असं, ज्याचं काम दिवसभर पुरत नाही. तुझं. म्हणजे जी काम संपवते तिलाच काम नाही. चाचांनी तेवढंच वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. मी त्यांच्यावर ओरडलो, नको ते बोललो. ते एवढंच म्हणाले, 'मी तं सगळ्यायले वाचवाले सांगतलं होतं. ते पोरगी खरी निघाली, त्याले मी काय करू?' तुझ्या पगारावर घरात किती जण जेवतात ते त्यांनाही ठाऊक आहे, मलाही.

हे लिहितानाही बूड टेकत नाहीये. दोनदा उठून अंगणात जाऊन आलो. तुझ्या खुर्चीत बसलोय, हेही सांगून टाकतो.

आज सकाळी विश्रामगृहावर गेलो. साहेब दाढी करत होता. म्हटलं, तुम्ही रेंगाळणं मोजलं आणि त्यालाच बक्षीस देऊन चाललात. मला वाटलं हाकलेल. त्यानं गालावरचा साबण पुसला आणि शांतपणे विचारलं, मग कोणाचं काम खोटं होतं, नाव सांगा. एक जागा जायलाच हवी, कोणती याचं मला काही नाही. चाचांचं सांगू? उत्तमसिंगचं, ज्याच्यामागे बंजाऱ्यांचा अख्खा तांडा आस लावून बसलाय? ज्या माणसाला मी रात्रभर मनात शिव्या घातल्या, त्यानं विचारलेला प्रश्न मात्र सरळ होता.

मी माझं नाव सांगितलं. म्हटलं, माझं काम निम्म्या दिवसाचंच आहे, बाकीचा वेळ मी खिडकीकडे बघत असतो. तुझी खुर्ची त्या खिडकीखाली आहे, एवढं सांगितलं नाही. त्यानं तिथंच लिहून घेतलं, आणि संध्याकाळी तुझा हुकूम रद्द झाल्याचा कागद चाचांच्या हातात पडला. हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये, म्हणून हे पत्र. सोमवारी तू हे वाचशील तेव्हा मी इथं नसेन. आभार मानायला मला शोधू नकोस आणि कोणी कितीही सांगितलं तरी हळू चालवू नकोस. तू म्हणायचीस तसा कॉलेजात परत जाईन की नाही, माहीत नाही; आधी अमरावतीची मोटार गाठतो. बाहेर उत्तमसिंग किल्ल्या वाजवून राह्यला आहे. पत्र तुझ्या मशीनच्या झाकणाखाली सारतो, खिडकी उघडीच ठेवतो आणि बाहेर पडून दार ओढून घेतो.

तुझाच,
नंदकिशोर