उजव्या पंखाच्या फासळ्या

मंगळवार, संध्याकाळी सात

डोळे चुरचुरतायत, तरी लिहून ठेवतो. सदलग्याच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या शांताक्का दुपारी मुलींच्या ग्लायडरसाठी उजव्या पंखाच्या प्लायच्या फासळ्या घेऊन गेल्या. डाव्या मागच्या आठवड्यातच दिल्या होत्या. आत्ता सीएनसी कटिंग मशीनची फाईल बंद करताना दिसलं, या खेपेला फासळीचा आकार, एअरफॉइल, मी सव्वा टक्का वाढवलाय. वीस वर्षं ओतकामाच्या साच्यांसाठी पॅटर्न काढतोय. धातू निवताना आकसतो म्हणून माप वाढवायचं, हाताला तीच सवय. प्लाय कशाला आकसतंय?

वीस सेंटिमीटरला अडीच मिलिमीटर. कोणाच्या लक्षात येणार? गप्प बसावं का? बसलोही, पंधरा मिनिटं. पण ग्लायडर एका अंगाला कलेल आणि मुली स्वतःचीच चूक शोधत बसतील.

शेवटी फोन केला. "आक्का, उजव्या फासळ्या मोठ्या झाल्यात. चूक माझी हाय."

"व्हय आण्णा? पोरी डावी-उजवी एकावर एक ठेवून तेच म्हणत हुत्या. मशीन कसं चुकंल, म्हणून मीच गप्प केलं त्यास्नी."

अडीच मिलिमीटर. मुलींना दिसलं होतं.

सकाळी नव्या कापायच्या. सदलग्याला मीच घेऊन जाईन. त्यांचं बरोबर होतं, हे त्यांना मीच सांगायला हवं.