वझीर गात नाही

२ ऑगस्ट, शनिवार
मेहुणे मोक्रान काल बोटीने मार्सेलला गेले. हृदयाचं ऑपरेशन आहे. बंदरावर त्यांनी आपला गाणारा मक्नीन पक्षी, वझीर, पिंजऱ्यासकट माझ्या हातात दिला आणि चारचौघांत रडले. तांबडं तोंड, पंखावर पिवळा पट्टा, मूठभर जीव. पण आमच्या अख्ख्या बाब-अल-वाद मोहल्ल्यात असा गळा दुसरा नाही. मेहुणे काही सूचना द्यायला लागले. म्हटलं, बिनधास्त जा, पक्ष्यांतलं मला कळतं. पक्षी मी कधी पाळलेला नाही, पण मन लावलं की सगळं येतं.

४ ऑगस्ट
वझीर गप्प. पिंजऱ्यात पिसं पडलीत. बायको, वर्दिया, म्हणते, अहो, कॅफेतल्या महफूदला विचारा, त्याच्याकडे चार मक्नीन आहेत. महफूदला विचारू? जन्मभर टोमणे मारेल! घाबरलेलो नाही. फक्त जेवताना दर घासाला उठून बघितलं.

५ ऑगस्ट, सकाळ
निदान झालं: इन्फेक्शन. मीच केलं. दाणेवाल्याकडून पिवळी अँटिबायोटिक पावडर आणली. तो विचारत होता, पाखराला झालंय काय? म्हटलं, तू पावडर दे. पुडीवर डोस कोंबड्यांचा आहे. वझीर कोंबडीहून लहान, पण मोलाने मोठा. सबब तेवढाच पाण्यात घालून दिला.

संध्याकाळ
पिवळं पाणी पीत नाही. चांगलं लक्षण. आतली गरमी उतरली.

८ ऑगस्ट, शुक्रवार
कुसकुस पानात पडतोय तोच मेहुण्यांचा फोन. वझीर कसा आहे? पटकन मोबाइलवर कुठल्यातरी मक्नीनचं गाणं लावलं आणि फोनजवळ धरलं. मेहुणे म्हणाले, आँ? ऑगस्टात गातोय? म्हटलं, माझ्या हाताचा गुण. मग ते बोलेचनात. गहिवरले असावेत. वर्दियाने असं काही बघितलं की पुढचा घास उतरेना.

१० ऑगस्ट
वझीर अंग फुगवून बसतो, कापसाचा बोळा जसा. शीट पातळ, हिरवी. पावडरच कमजोर निघाली, दुसरं काय! वर्दियाच्या दाढेच्या वेळच्या कॅप्सूल कपाटात उरल्या होत्या. एक फोडून पाण्यात मिसळली. ताकदीसाठी समुद्रफेनाचा तुकडा लटकवला. औषधं दोन, रोग एकटा. जिंकलोच म्हणायचं.

१२ ऑगस्ट
डोळे मिटून बसलाय. भीती वाटते. लिहूनच टाकतो, इथे कोण वाचतंय? पिंजऱ्याकडे पाठ करून लिहितोय. तिकडे मेहुण्यांची छाती उघडणार आणि इकडे त्यांचा जीव असा. दुपारी वर्दियाने पिंजरा उचलला, म्हणाली, मी पक्ष्यांच्या डॉक्टरकडे निघाले, तुम्ही या नाहीतर राहा.

गेलो. डॉक्टर नसीमा. पहिलाच प्रश्न, काय काय दिलंत? मी थोडं सांगितलं. उरलेलं वर्दियाने सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अहो, हा आजारी नव्हताच! या दिवसांत यांची पिसं बदलतात, सगळे मक्नीन गप्प असतात. तुमच्या औषधांनी पोटातले चांगले जंतू मारले आणि वाईटांतले तगडे तेवढे शिल्लक ठेवले. ते आता पिवळ्या पावडरीला भीक घालत नाहीत. शिवाय समुद्रफेनातल्या कॅल्शियममुळे ती पावडर अंगी लागतही नाही. एवढ्या उन्हात बिचाऱ्याला प्यायला साधं पाणी नाही ते नाहीच.

पावडर, कॅप्सूल दोन्ही बंद. शीट तपासायला घेतली. रिपोर्ट आला की एकच औषध, वजन करून, थेंब थेट चोचीत. बरा दिसला तरी कोर्स पुरा करायचा. मी मान डोलावली. माझंही मत हेच होतं.

१५ ऑगस्ट, शुक्रवार
रिपोर्ट आला, थेंब सुरू. वर्दिया देते, मी झाकण उघडतो. मेहुण्यांचं ऑपरेशन नीट पार पडलं. वर्दिया म्हणते, आता तरी दादाला खरं सांगा. सांगणार आहे. वझीर बरा झाला की लगेच सांगणार. मग सांगण्यासारखं उरेल काय, हा प्रश्न वेगळा.

१८ ऑगस्ट
वझीरने दाणा फोडला! पंख झाडले! वर्दिया बहिणीकडे ब्लीदाला गेली. जाताना बजावून गेली, थेंब चुकवू नका. मी काय कुक्कुलं बाळ आहे?

१९ ऑगस्ट
पकडायला गेलो तर असा तडफडला! मुठीत त्याचं काळीज धडधडत होतं, आणि जरा जास्त दाबलं तर? सोडून दिला. विचार केला, बऱ्या झालेल्या जिवाला छळायचं कशाला? डॉक्टर लोक दोन दिवस जास्तीचेच सांगतात. कोर्स इथेच पुरा. हा भित्रेपणा नाही, प्रॅक्टिकल निर्णय आहे.

२१ ऑगस्ट
वर्दिया परतली. आधी पिंजरा बघितला, मग बाटली उजेडात धरली. म्हणाली, दिलं नाहीत ना? वझीर पिंजऱ्याच्या तळाशी बसलाय, शेपटी हलवत श्वास घेतोय. धावत डॉक्टरकडे. बाईंनी मला बाहेर बसायला सांगितलं. देवा, ह्याला वाचव. मला काहीही कर.

२२ ऑगस्ट, शुक्रवार
सकाळी गेला. वर्दियाच्या ओंजळीत.

जेवणाच्या वेळी मेहुण्यांचा फोन येणार, म्हणून मोबाइलवर गाणं काढून ठेवलं होतं. फोन आला. बोट हलेना. सांगून टाकलं. मेहुण्यांनी विचारलं, काय दिलंस रे त्याला?

मी म्हटलं, सगळं दिलं मेहुणे, काही कमी केलं नाही.

मेहुणे म्हणाले, झुबीर, तू जेवलास का?

नाही म्हणालो. एवढं मात्र खरं होतं.