धन्याचं पाणी

मंगळवार, ४ मार्च
धन्याचं पाणी आजपासून बंद! वर्षभर पिऊन राहिले. लघवीला जळजळ, अंगावरून पांढरं जाणं — सासूबाईंचं एकच, "उष्णता हाय वं, कोणत्या बाईले नसते?" रोज दोन पेल्यांत धने भिजवतात. एक मला, एक स्वतःला.

सौंसरच्या सरकारी दवाखान्यात मोनाली सिस्टरनं तपासलं. "काकू, उष्णता नाही. इन्फेक्शन हाय. संबंधातून लागते."

म्हटलं, मी शनिवार-एकादशी सगळं पाळते!

"त्याचा अन् याचा संबंध नाही. काका काय करतात?"

हे संत्र्याच्या ट्रकवर. महिना-महिना बाहेर.

मला गोळ्या दिल्या. ह्यांनीही यायचं, नाहीतर पुन्हा लागेल. तोवर जवळ यायचं नाही.

गुरुवार, ६ मार्च
हे आले. सांगितलं. "मले काय झालं? धडधाकट हावो! तमाशा करून राहिली का?"

म्हटलं, माणसाला त्रास नसला तरी आजार असतो. ह्यांनी ताट सरकवलं! मी अंथरूण सासूबाईंच्या खोलीत नेलं. त्यांनी सरकून जागा दिली.

शनिवार, ८ मार्च
जामसांवलीच्या मारुतीला जाऊन आले. नवस बोलले नाही. हिंमत मागितली.

रविवार, ९ मार्च
आराम आहे. उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी जपून ठेवाव्या वाटलं — साबणाची चिपसुद्धा फेकत नाही मी! पण सिस्टरनं बजावलंय, एकही उरवायची नाही. घेतली.

मंगळवार, ११ मार्च
"किती दिवस चालन हे?"
— दवाखान्यात जाल तोवर.
"अन् नाही गेलो त?"
— तर असंच.

 मग ह्यांनी मान खाली घालून सांगितलं, "इटारसीकडं... दोनदा."

रडू आलं नाही. म्हटलं, उद्या सकाळच्या बसनं जायचं.

बुधवार, १२ मार्च
गेले! गोळ्या मिळाल्या. दोघांचं रक्त तपासलं — एचआयव्ही नाही. मारुतीराया! सिस्टरनं निरोधही दिले. ह्यांनी पिशवीच्या तळाशी लपवले. मी काढून त्यांच्या ट्रकच्या बॅगेत वरच ठेवले. राग आहेच. पण जीव माझाही आहे.

सोमवार, १७ मार्च
सकाळी सासूबाईंनी स्वतःचा पेला तुळशीत ओतला. हळूच म्हणाल्या, "सूनबाई, ते सिस्टर म्हाताऱ्या बाईले बी पाह्यते का वं? तुहे सासरे बी ट्रकवरच होते."