सुमीची घागर

फोपनार, २ एप्रिल १९५०

आलो बुवा एकदाचे! आमचं चिमुकलं संस्थान विलीन झालं, राजेसाहेब तनख्यावर गेले आणि माझी रवानगी इथल्या शाळेत झाली. बऱ्हाणपुरापासून बैलगाडीत हाडं खिळखिळी झाली, पण गाव झकास आहे. सामान उतरायच्या आत शेजारच्या सोजरबाईंनी चूल पेटवून कळण्याची भाकरी आणि भरीत पुढ्यात ठेवलं. त्यांचे यजमान निंबाभाऊ मला ‘मास्साब’ म्हणतात. इथली बोली अर्धी मराठी, अर्धी हिंदी आणि उरलेली खानदेशी. गणिताच्या मास्तरानं हा हिशोब कसा जुळवायचा, असं म्हटलं तर माझी बायको शारदा चक्क हसली. दिवाळीत पटकीनं आमची सुमी गेली, त्यानंतर पहिल्यांदाच. पाच वर्षांची पोर हो! असो. गाव लाभेल असं वाटतंय.

१४ एप्रिल

अखजीची, म्हणजे आपल्या अक्षय्यतृतीयेची, धांदल सुरू झालीय. सासरी गेलेल्या पोरी माहेरी यायला लागल्यात, कडुनिंबांना झोके टांगलेत. सोजरबाईंना सुमीचं कळलं तेव्हा शारदेला जवळ घेऊन बसल्या. इथली रीत अशी की घरातलं कुणी गेलं, तर पहिल्या अखजीला त्याच्या नावानं घागर मांडायची. सगळ्या गावानं येऊन त्यात घोटघोटभर पाणी घालायचं आणि दिवस मावळायच्या आत ती दुसऱ्या घरी दान द्यायची. घरातच राहिली तर पाणी त्या जिवाला पोचत नाही, असं त्यांनी बजावून सांगितलं.

२० एप्रिल, अखजी

अख्खा गाव आला. ज्यांना आमचं नावही धड ठाऊक नाही त्यांनीसुद्धा माझ्या सुमीसाठी पाणी घातलं. मी सगळ्यांदेखत ढसाढसा रडलो, लाजही वाटली नाही.

संध्याकाळी सोजरबाई घागर न्यायला आल्या आणि शारदेनं घागरीला मिठीच मारली. एकदा नेलीत माझी लेक, आता नेऊ नका, म्हणत राहिली. सोजरबाईंनी हात जोडले, निंबाभाऊंनी समजावलं. पण त्या माउलीच्या हातातून ओढून कोण घेणार? राहू द्या, म्हटलं मी.

२४ एप्रिल

घागर रोज रिकामी होते. आधी वाटलं पाझरते, पण बूड ठणठणीत कोरडं. आज दुपारी जेवताना गटागटा पिण्याचा आवाज आला. सुमी अशीच प्यायची, मध्येच दम घेत. शारदा ताटावरून उठून धावली, तिच्यामागे मी. भीती? छे! माझी पोर घरी आलीय, मी कशाला भिऊ?

२९ एप्रिल

आता घागर कुणी भरत नाही, तरी भरलेली असते. शारदा दिवसभर तिच्यात हात बुडवून बसते आणि सुकत चाललीय. ओठ फुटलेत, कातडीचं आमसूल झालंय. बऱ्हाणपूरचे डॉक्टर म्हणाले, भरपूर पाणी पाजा. किती पाजू? तिला पाजलेलं सगळं घागरीत उतरतं.

सोजरबाई रडून गेल्या. इथं अडकलेल्या जिवाची तहान इथल्या पाण्यानं भागत नाही, पोरीला मोकळी करा, म्हणाल्या. मी त्यांच्या अंगावर ओरडलो.

१ मे

शारदा रडते, पण डोळ्यांत टिपूस येत नाही.

घागरीतून सुमी पाणी मागते. आजारात मागायची, त्याच आवाजात— ऐकवत नाही हो—

घागर दिली नाही तर शारदा जाईल. दिली तर सुमी— पुन्हा एकदा—

२ मे, सकाळ

शारदेला डोळे उघडवत नाहीत. सोजरबाई दारात पदर पसरून उभ्या आहेत. बापानं आपल्या हातानं घागर उचलून द्यायची, म्हणतात. एवढं लिहितो आणि उठतो, म्हटलं. लिहितोय तोवर उठावं लागत नाही—

मांडी ओली झालीय. इवलासा भार. खाली बघितलं नाही मी. केसांना तोच शिकेकाईचा—

शारदेचा श्वास अडखळतोय. सोजरबाई हाका मारतायत—

ऊठ गं बाळा. जरा मांडीवरून ऊठ. बाबाला—