बंद दारामागचा कॉम्प्युटर

मानवत, गुरुवार संध्याकाळ

यांचा कॉम्प्युटर आजही दिवसभर चालू. पुण्याची कंपनी घरूनच काम करू देते म्हणे, म्हणून एवढा ताकदीचा आणला. पण दार लावून नेमकं करतात काय? पंख्याची घरघर स्वयंपाकघरापर्यंत येते. विचारलं की रोज वेगळंच सांगतात. परवा कापसाच्या भावाचा अंदाज, काल चारठाण्याच्या देवळांचे फोटो जोडून चित्र. कंपनीला देवळं कशाला हवीत? जुगार तर नसेल?

आज मी शाळेतून लवकर आले आणि सरळ दार ढकललं. घरघर चालूच, आणि हे खिडकीशी नुसते बसलेले.

"काय करायलात तुमी?"

खिडकीबाहेर बघतच म्हणाले, "नोकरी गेली माझी. मशीन बंद दिसलं असतं तर तुला कळलं असतं. म्हणून काहीबाही चालवत बसतो."

"आन् ती देवळं?"

"ती चित्रं खरी हायेत. लय चांगली झालीत. पण घेणार कोण?"

मी स्क्रीनवर पाहिली. खांबावरच्या नक्षीला हात लावावासा वाटला. तसं मी म्हणाले, तर यांना रडू आलं. मी जवळ बसले, पाठीवरून हात फिरवला. पण नजर त्यांच्या चेहऱ्यावरच होती. एवढंच आहे, की अजून काही?